मऊ पोटाचा भरवसा

‘माझ्या वडिलांचे मूत्रपिंडरोपण होऊन चार वर्षे झाली. त्यांची प्रकृती ठीक आहे. मात्र त्यांचे पोट दुखू लागले, तर घरगुती उपाय किती वेळ करून पाहावेत आणि डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?’ असा प्रश्न एका वाचक भगिनींनी गेल्या महिन्यात पत्राने विचारला होता. प्रश्न साधा वाटतो. तो वाचून मी बराच वेळ पत्र हातात धरून बसलो होतो. त्याचे उत्तर ‘मुळीच करून पाहू नयेत’ एवढ्या शब्दांत संपते. परंतु तेवढेच लिहिले तर ते आपल्या मनावर ठसणार नाही, म्हणून त्यामागची एक हकिकत सांगतो. तीत चूक आहे आणि ती माझी आहे.

२०१८ सालचा पावसाळा होता. आमच्या तालुक्याच्या गावी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक राहतात. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणतो. मीही तेच म्हणतो. त्या वेळी त्यांचे वय ६८ होते. मधुमेह जुनाच. त्यात वर्षभरापूर्वी त्यांना पेम्फिगस नावाचा त्वचारोग जडला होता. या रोगात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच त्वचेवर उलटते आणि अंगावर, तोंडात फोड येतात. तिला आवर घालण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांनी त्यांना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि जोडीला अझाथायोप्रीन अशी औषधे दिली होती. औषधयोजना योग्यच होती. फोड बसले, रक्तातील साखर मात्र स्टेरॉइडमुळे चढली ती तीनशेच्या घरातच राहू लागली.

श्रावणातल्या एका मंगळवारी सायंकाळी त्यांची सून त्यांना रिक्षाने दवाखान्यात घेऊन आली. सकाळपासून पोटात दुखत होते. गुरुजी स्वतः हसत म्हणाले, ‘‘काही नाही हो डॉक्टर, कालच्या सोमवारची साबुदाण्याची खिचडी बाधली.’’ ताप नव्हता. मी पोट तपासले. उजवीकडे खाली दाबल्यावर ते किंचित कळवळले, पण पोट मऊ होते. नाडी मिनिटाला १०४ होती. ती मी कागदावर लिहिली आणि तिच्याकडे दुर्लक्ष केले. आम्लपित्ताची गोळी दिली आणि ‘उद्या कसे वाटते ते कळवा’ असे सांगितले. दारापाशी सून घुटमळली. म्हणाली, ‘‘डॉक्टर, बाबा दुखतंय असं कधी म्हणतच नाहीत. तोंडभर फोड होते तेव्हाही म्हणाले नव्हते.’’ मी म्हणालो, ‘‘बघू ताई उद्या.’’

दुसऱ्या दिवशी मी दवाखाना उघडण्यापूर्वीच ती पायरीवर उभी होती. गुरुजी रिक्षात आडवे झाले होते. नाडी १२४, वरचा रक्तदाब ९४, ओठ कोरडे, पोट थोडे फुगलेले. आणि तरीही हाताला मऊ. त्याच क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हा मऊपणा गुरुजींच्या पोटाचा नव्हे, मी ज्या गोळ्यांचे कागद रोज पाहत होतो त्या गोळ्यांचा आहे. शहरातील शल्यचिकित्सकांना दूरध्वनी करून मी त्यांना तसेच पुढे पाठवले. सीटी स्कॅनमध्ये मोठ्या आतड्याचा आरंभीचा भाग सुजलेला दिसला आणि आतड्याबाहेर हवा निसटलेली दिसली. म्हणजे आतडे फुटले होते. रात्री शस्त्रक्रिया झाली. लहान आतडे मोठ्या आतड्याला जिथे मिळते तेथून वर वीतभर भाग काळवंडून मृत झाला होता. तो कापून काढावा लागला आणि शौचासाठी पोटावर तात्पुरता मार्ग करावा लागला.

त्या शल्यचिकित्सकांचे एक काम मला फार मोलाचे वाटते. मधुमेह, स्टेरॉइड आणि काळे पडलेले आतडे ही तीन लक्षणे एकत्र पाहून त्यांनी कापलेल्या भागाचे तुकडे दोन बाटल्यांत घातले: एक फॉर्मालिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये. फॉर्मालिनमध्ये ऊतक टिकते, पण त्यातील जंतू आणि बुरशी मरतात. मग प्रयोगशाळेत त्यांची वाढ करून त्यांची ओळख पटवता येत नाही. सलाइनमधल्या तुकड्यावरून त्याच रात्री सूक्ष्मदर्शकाखाली रुंद, फितीसारखे, काटकोनात फाटे फुटलेले तंतू दिसले. रोगाचे नाव म्युकरमायकोसिस.

आज हे नाव घरोघरी माहीत आहे. २०२१ च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत नाक, डोळे आणि जबडा यांना ग्रासणारी ‘काळी बुरशी’ आपण सर्वांनी पाहिली. त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना हा आजार १८९७ च्या साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले होते. २०१८ साली मात्र गुरुजींच्या घरी कोणी हे नाव ऐकलेले नव्हते. आणि ही बुरशी पोटातही शिरते, हे आजही पुष्कळांना ठाऊक नसते. ‘काळी बुरशी’ हे नावही थोडे फसवेच आहे. बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसते, आत रक्ताच्या गुठळ्या होतात, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि रक्तावाचून मेलेला भाग काळा पडतो. नाकात असे झाले तर टाळू काळी पडते, जठरात झाले तर मोठा व्रण पडून रक्ताची उलटी होते, आतड्यात झाले तर आतडे सडून फुटते.

ही बुरशी कोठून येते, असा प्रश्न सुनेनेही मला विचारला होता. तिच्या मनात अपराधाची भावना होती; आपल्या स्वयंपाकघरातून तर हे आले नाही ना, अशी. मी तिला सांगितले तेच आपल्यालाही सांगतो. म्युकर वर्गातील बुरशीचे बीजाणू माती, शेणखत, कुजका पाला, शिळा पाव, नासकी फळे, धुळीची हवा अशा सर्व ठिकाणी असतात. आपण ते रोज श्वासाबरोबर आणि अन्नाबरोबर आत घेतो. निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही. ज्याच्या पांढऱ्या पेशी संख्येने कमी आहेत किंवा औषधांनी निष्प्रभ झाल्या आहेत, बहुधा त्याच्याच शरीरात हे बीजाणू रुजतात. अनियंत्रित मधुमेहात त्यांना आणखी एक सोय मिळते: साखर फार वाढून रक्त आम्लधर्मी झाले, की रक्तातील प्रथिनांनी बांधून ठेवलेले लोह सुटे होते, आणि लोह हे या बुरशीचे आवडते खाद्य आहे.

क्वचित प्रसंगी वाट अनपेक्षित असते. हाँगकाँगमधील एका रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या १२ रुग्णांना सहा महिन्यांत आतड्याचा असाच संसर्ग झाला. २००९ साली त्याचा उलगडा झाला. दोष निघाला युरिक ॲसिड कमी करणाऱ्या ॲलोप्युरिनॉल या साध्या गोळ्यांत. गोळ्या तयार करताना मक्याच्या पिठाचे ओले मिश्रण वाळवण्यापूर्वी फार वेळ राहिले होते आणि त्यात बुरशी वाढली होती. स्पेनमधील एका अतिदक्षता विभागात नळीतून द्यायची औषधे कालवण्यासाठी जिभेवर दाबायच्या लाकडी पट्ट्या वापरत. त्या पट्ट्यांवरच बुरशी होती आणि ती रुग्णांच्या जठरात पोचली. अमेरिकेत २०१४ साली अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाला पचनासाठी दिलेल्या प्रोबायोटिक भुकटीतून हा संसर्ग झाला आणि ते बाळ दगावले. या घटना दुर्मीळ आहेत, त्यांनी घाबरून जाऊ नये. माझा मुद्दा एवढाच, की ‘साधे आहे, अपाय काय करणार’ हा विचार सशक्त माणसाला चालतो; ज्याची प्रतिकारशक्ती आपण मुद्दाम दडपून ठेवली आहे, त्याला चालत नाही. अशा रुग्णाला पचनासाठी यीस्टची पाकिटे, ओळखीच्या कोणी आणलेले काढे आणि चूर्णे घरच्यांनी आपल्या मनाने देऊ नयेत.

आता मऊ पोटाचे कोडे. आतडे फुटले, की त्यातील मळ पोटाच्या आतल्या नाजूक अस्तरावर सांडतो. त्या अस्तराचा दाह होतो, आणि त्या दाहाला उत्तर म्हणून पोटाचे स्नायू आपोआप ताठ होतात. डॉक्टरांच्या हाताला पोट लाकडासारखे लागते ते यामुळे. स्टेरॉइडचे कामच दाह दडपण्याचे. मळ सांडतो, जंतू पसरतात, पण दाहाची घंटा वाजत नाही. स्नायू ताठ होत नाहीत, ताप चढत नाही, दुखणेही बेताचेच राहते. रक्ततपासणीही दगा देते: स्टेरॉइडने पांढऱ्या पेशींचा आकडा एरवीही वाढलेला असतो, तर केमोथेरपी किंवा अझाथायोप्रीनसारख्या औषधाने तो कमी असतो, दोन्हींपैकी कोणताही आकडा खात्रीचा नाही. वृद्धांचे पोटाचे स्नायू मुळातच क्षीण झालेले असतात, त्याची यात भर.

मग उरते काय? नाडी, श्वासाचा वेग, रक्तदाब, लघवीचे प्रमाण, आणि घरच्या माणसाचे निरीक्षण. नाडी सहसा खोटे बोलत नाही. परंतु आपल्यापैकी अनेकांना रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल यांसारख्या गोळ्या चालू असतात. त्या घेणाऱ्याची नाडी संकटातही संथ राहू शकते, हेही डॉक्टरांना सांगावे लागते. गुरुजींना तसली गोळी नव्हती. त्यांची नाडी पहिल्याच सायंकाळी बोलली होती, आणि सूनही बोलली होती.

या आजाराची तीव्रता सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २००५ साली जगभरातील ९२९ नोंदींचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यांतील केवळ ७ टक्के रुग्णांत बुरशी पचनमार्गात होती. पण त्या रुग्णांतील ८५ टक्के दगावले होते. त्यानंतर औषधे सुधारली आहेत, तरी मुख्य अडचण जुनीच आहे: ओळखण्यास उशीर होतो. एकट्या औषधाने हा आजार आटोक्यात येत नाही, कारण मेलेल्या भागात रक्तच पोचत नाही, मग औषध कसे पोचणार? म्हणून मृत भाग कापून काढणे, ॲम्फोटेरिसिन हे औषध शिरेतून देणे आणि साखर व स्टेरॉइड शक्य तितके खाली आणणे, ही तिन्ही कामे एकदमच करावी लागतात. गजकर्णासाठी औषधाच्या दुकानातून आणली जाणारी फ्लुकोनॅझोलची गोळी या बुरशीला काहीही करत नाही, हे मुद्दाम नोंदवतो. ‘बुरशीची गोळी घरात होती, ती दिली’ असे मी ऐकलेले आहे.

गुरुजींचे वजन ५४ किलो होते. त्या हिशेबाने ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या रोज लागत होत्या. पाच आठवडे हे चालले. ॲम्फोटेरिसिनने मूत्रपिंडावर ताण येतो आणि रक्तातील पोटॅशियम घसरते, म्हणून तपासण्या वारंवार. घरातले सोने गहाण पडले. पुढे काही महिने पोसाकोनॅझोलच्या गोळ्या चालल्या. पोटावरचा मार्ग सहा महिन्यांनी बंद केला. गुरुजी वाचले. त्यांच्या मूत्रपिंडांचे कार्य मात्र पूर्वीइतके परत आले नाही, आणि स्टेरॉइड कमी केल्यावर तोंडातले फोड अधूनमधून उठतात. माझ्या त्या एका रात्रीच्या उशिराने यातले किती वाढले, हे कोणी मोजून सांगू शकणार नाही. आदल्या सायंकाळीच त्यांना पुढे पाठवले असते तर आतडे फुटण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली असती, असे शल्यचिकित्सक म्हणाले नाहीत. पण मी विचारलेही नाही.

आता पत्रलेखिका भगिनींच्या प्रश्नाकडे येतो. मूत्रपिंड किंवा यकृत यांचे रोपण झालेले, केमोथेरपी चालू असलेले, रक्ताच्या कर्करोगाचे, संधिवात, त्वचारोग वा दम्यासाठी तोंडाने स्टेरॉइड घेणारे, आणि साखर वारंवार फार वाढणारे, अशा सर्वांचे पोट दुखू लागले तर ओवा, बेंबीत हिंग, एरंडेल, पोटाला तेल चोळणे, यांपैकी काहीही करू नये. वेदनाशामक गोळी तर नकोच. उरलेसुरले लक्षणही ती झाकून टाकते. आमच्यासारख्या दवाखान्यात दाखवल्यानंतरही दुखणे चार-सहा तासांत ओसरले नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता जेथे सीटी स्कॅन आणि शल्यचिकित्सक दोन्ही आहेत अशा रुग्णालयात जावे. काळी शौच, रक्ताची उलटी, फुगलेले पोट, घटलेली लघवी, नेहमी बोलणारे माणूस गप्प होणे, यांतले एक जरी दिसले तर चार तासही थांबू नये. केमोथेरपीनंतरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पांढऱ्या पेशी तळाला असतात. त्या दिवसांत पोटदुखी आणि ताप एकत्र आले, तर तिथल्या तिथे रुग्णालय गाठावे. अशा वेळी बुरशीखेरीज साध्या जंतूंमुळेही मोठ्या आतड्याच्या त्याच कोपऱ्याला सूज येते, आणि तीही तितकीच घातक असते.

रुग्णालयात पोचल्यावर पहिले वाक्य ‘पोट दुखते’ हे नसावे. ‘यांना अमुक इतके स्टेरॉइड इतक्या महिन्यांपासून चालू आहे आणि पोट दुखते’ असे असावे. रात्रपाळीचा तरुण डॉक्टर मऊ पोट पाहून तुम्हाला परत पाठवू लागला, तर रागावू नका. शांतपणे विचारा, ‘‘स्टेरॉइडमुळे पोट मऊ लागू शकतं का हो, डॉक्टर?’’ मला कोणी असे विचारले असते तर मी ओशाळलो असतो, आणि थांबलो असतो. शस्त्रक्रिया किंवा दुर्बिणीने तपासणी होऊन तुकडा काढला गेला, तर तो बुरशीच्या तपासणीसाठी सलाइनमध्येही पाठवला आहे का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. आतड्याच्या त्याच भागाला हिस्टोप्लाझ्मा नावाची दुसरी बुरशीही ग्रासू शकते. ती हुबेहूब आतड्याच्या क्षयासारखी दिसते, आणि क्षयाची औषधे महिनोन्महिने घेऊनही रुग्ण खंगत जातो; तिचा उलगडाही अशाच तुकड्यावरून होतो.

कित्येकांना आपण स्टेरॉइड घेतो हेच माहीत नसते. गुडघेदुखीवर ‘रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या, दुकानदाराने न विचारता दिलेल्या बारीक पांढऱ्या गोळ्या, यांत ते असू शकते. तोंड गोल होत चालले, भूक अचानक सुधारली, साखर कारणावाचून चढली, तर त्या पुड्या घेऊन डॉक्टरांना दाखवा. परंतु एक सावधगिरी फार महत्त्वाची: हा लेख वाचून कोणीही चालू असलेले स्टेरॉइड एकाएकी बंद करू नये. दीर्घकाळ ते घेणाऱ्याच्या शरीरातील स्वतःची ग्रंथी झोपी गेलेली असते. गोळी अचानक थांबवली तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, पोटही दुखते, आणि तीही जिवावर बेतणारीच अवस्था असते. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल, तर तेवढ्याच कारणासाठीही रुग्णालय गाठणे आवश्यक आहे, म्हणजे ती शिरेतून देता येते.

पावसाळ्यात घराविषयी विचारणा होते. बुरशी आलेला पाव, फळ किंवा लोणचे यांचा खराब भाग काढून उरलेला वापरण्याची आपली काटकसर समजण्यासारखी आहे, पण अशा रुग्णाच्या ताटात तो जाऊ नये. तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून आतवर गेलेले असतात. कुंड्यांची माती उकरणे, खताचे खड्डे हलवणे, ओल धरलेल्या भिंती खरवडणे ही कामे दुसऱ्या कोणी करावीत. गोळ्या न्हाणीघरात किंवा ओट्यावर ठेवू नयेत, ओलसर झालेली गोळी वाळवून देऊ नये. याहून अधिक सोवळे पाळण्याची गरज नाही. पंख्याखाली बसू नका, नातवंडांना जवळ घेऊ नका, अशी बंधने घालून त्या माणसाचे जगणे कोंडू नका. साखर आटोक्यात ठेवण्याने जेवढे संरक्षण मिळते, तेवढे घरातल्या कोणत्याही झाडपुशीने मिळत नाही.

गुरुजींची सून आता त्यांच्या सर्व औषधांची नावे, मात्रा आणि सुरू झाल्याची तारीख एका जाड कागदावर लिहून तो मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवते. औषध बदलले की कागद बदलतो. परवा ती सर्दीसाठी स्वतःला दाखवायला आली होती, तेव्हा सवयीने तिने तोच कागद माझ्यापुढे ठेवला. तो गुरुजींचा होता हे लक्षात येऊन आम्ही दोघेही हसलो, आणि मी तिची नाडी मोजली.